अटकेच्या दिवशी निकाल छापू नका

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,



एखाद्या गाजलेल्या गुन्ह्यात जामीन झाला की दोन घरांत दोन तऱ्हा होतात. आरोपीच्या गल्लीत गुलाल उधळला जातो, आणि फिर्यादीच्या घरून वकिलाला फोन येतो, ‘मॅडम, केस सुटली का?’ दोन्हीकडच्यांचा समज चुकलेला असतो आणि दोघांनीही तुमचीच बातमी पाहिलेली असते. साक्षीपुराव्याला तर अजून सुरुवातही झालेली नसते. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूला वकिली करते. कधी आरोपीतर्फे, कधी सरकारी वकिलांच्या मदतीला मूळ फिर्यादीतर्फे. त्यामुळे दोन्ही घरं माझ्या ओळखीची आहेत.

गुन्ह्यांच्या बातम्या छापू नका, असं माझं म्हणणं नाही. त्या छापायलाच हव्यात. पोलीस ठाण्यात काय चालतं यावर बाहेरच्या कोणाचीच नजर नसली तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझी तक्रार वेगळी आहे. फौजदारी कायद्यात माणूस संशयापासून शिक्षेपर्यंत एकेक पायरी चढत जातो. कोणत्या पायरीवर किती पुरावा लागतो हे ठरलेलं आहे आणि प्रत्येक पायरीचा शब्द वेगळा आहे. तुमच्याकडे मात्र संशयित, आरोपी, दोषी, गुन्हेगार आणि नराधम यांतला कोणता शब्द घ्यायचा, हे मथळ्याला जागा किती उरली यावर ठरतं.

पहिली पायरी घ्या: ‘अमुक यांच्यावर गुन्हा दाखल’. याचा अर्थ एवढाच, की कोणीतरी ठाण्यात जाऊन एका दखलपात्र गुन्ह्याची हकीकत सांगितली, ती लिहून घेतली गेली आणि तिला गुन्हा रजिस्टर नंबर पडला. ती खरी की खोटी, हे नंतर बघायचं. २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट सांगितलं, की हकीकतीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे. मोजक्या प्रकारांतच आधी प्राथमिक चौकशी करता येईल. (नव्या नागरिक सुरक्षा संहितेने तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, चौदा दिवसांच्या अशा चौकशीला वाव दिला आहे.) ही पायरी मुद्दाम ठेंगणी ठेवली आहे, गरिबाची फिर्याद दारातूनच परत जाऊ नये म्हणून. मग तिच्यावर पाय ठेवलेल्या माणसाला तुम्ही थेट वरच्या मजल्यावर कसे नेऊन ठेवता?

याच्या उलट प्रकार अदखलपात्र गुन्ह्यांत होतो. शिवीगाळ झाली, थोबाडीत मारली, म्हणून बाई ठाण्यात जाते, हातात ‘एनसी’चा कागद घेऊन घरी येते आणि पोलीस आता चौकशीला येतील म्हणून वाट बघत बसते. ते येत नाहीत, कारण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय अदखलपात्र गुन्ह्याचा तपास करण्याचा अधिकारच त्यांना नाही. हे ठाण्यात तिला कोणी सांगत नाही. तुमच्या वाचकांतल्या कितीतरी लोकांना कधी ना कधी हा कागद मिळणार आहे, पण त्यावर चार ओळींची चौकट छापलेली मी फारशी पाहिलेली नाही.

पुढे अटक. अटक केलेल्याला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, हे संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदातच आहे. तिथून पोलीस कोठडी किंवा न्यायालयीन कोठडी. आमच्या भाषेत पीसीआर आणि एमसीआर. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांची. पूर्वी ती पहिल्या पंधरा दिवसांतच घ्यावी लागे. आता गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. कोठडी वाढवून मिळाली म्हणजे पुरावा सापडला, असं नाही. बऱ्याचदा तो अजून सापडलेला नाही म्हणूनच ती वाढवून मागितलेली असते.

जामिनाविषयी मात्र थोडं थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. जामीन देताना न्यायाधीश एवढंच पाहतात, की खटला चालेपर्यंत या माणसाला आत ठेवण्याची गरज आहे का. पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुरावा नष्ट करेल का, गुन्हा किती गंभीर आहे. दोषी की निर्दोष हा प्रश्न त्या दिवशी न्यायालयापुढे नसतोच. त्यातही एक जामीन असा आहे, की त्याची बातमी जवळजवळ नेहमी उलटी येते. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत, म्हणजे जन्मठेप आणि फाशीचेही त्यात आले, पहिल्या कोठडीपासून नव्वद दिवसांत आणि बाकीच्या गुन्ह्यांत साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर मागणाऱ्याला जामीन द्यावाच लागतो. तो त्याचा हक्क आहे. न्यायाधीशांच्या मर्जीचा भाग त्यात उरत नाही. आणि बातमी येते, ‘पुराव्याअभावी जामीन’! खरी बातमी अशी असते, की तपासी अधिकाऱ्याने मुदत चुकवली. का चुकवली, कोणाच्या सांगण्यावरून चुकवली, याची विचारपूस करायची सोडून तुम्ही लोकांचा राग न्यायाधीशांकडे वळवता आणि ज्याने मुदत घालवली तो नामानिराळा राहतो.

शिवाय जामीन ‘मंजूर’ होणं म्हणजे माणूस घरी येणं नव्हे. जामीनदार लागतो, त्याची सॉल्व्हन्सी लागते, सातबारा नाहीतर पगाराची पावती लागते. परगावाहून मजुरीला आलेल्या माणसासाठी कोण उभं राहणार? आपल्या देशातल्या तुरुंगांतले सुमारे तीन-चतुर्थांश कैदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने जास्तीत जास्त शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला, तर काही अपवाद सोडून त्याला बंधपत्रावर सोडावं, असं नव्या संहितेचं ४७९ वं कलम म्हणतं. आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात असे किती जण आहेत, ही शोधपत्रकारिता एका आठवड्यात होण्यासारखी आहे.

आता ‘आरोपीची गुन्ह्याची कबुली’ हा मथळा. हा वाचला की वाचकाच्या दृष्टीने प्रकरण संपतं. कायद्याच्या दृष्टीने मात्र पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीची किंमत शून्य आहे. ती आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरताच येत नाही. ही कुठल्या उदारमतवाद्याने काढलेली टूम नाही. हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आला, १८७२ च्या पुरावा कायद्यात पंचविसावं कलम म्हणून बसला आणि आजच्या साक्ष अधिनियमात तेविसाव्या कलमात आहे. इंग्रजांना आपले पोलीस कबुली कशी मिळवतात हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तो घातला. आणि स्वतंत्र भारतातल्या कुठल्याही सरकारने तो काढून टाकला नाही, यातून काय ते समजा.

या नियमाला एक फट आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग पुराव्यात येतो. ‘कोयता मी उसाच्या फडात पुरून ठेवला आहे, काढून देतो’ एवढं पंचांसमक्ष म्हटलेलं चालतं. ‘याच कोयत्याने मी त्याला मारलं’ हे त्याच दमात म्हटलं तरी गाळून टाकावं लागतं. मोक्कासारख्या विशेष कायद्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब चालतो, हा अपवाद. पण तोही टिकेलच असं नाही. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी सुनावली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं, आणि ते कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं; या निकालाचा इतर खटल्यांत दाखला म्हणून वापर होऊ नये, एवढ्यापुरती त्या न्यायालयाने स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत तुरुंगात मात्र पाठवलं नाही. दरम्यान एकोणीस वर्षं गेली होती. या एकोणीस वर्षांत ‘कबुली’ हा शब्द किती वेळा छापला गेला असेल, याचा हिशोब तुमच्या ग्रंथालयातच मिळेल.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये, एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी चालवलेल्या ‘खटल्यां’बद्दल निकाल देताना, नेमकं यावर बोट ठेवलं होतं. पोलिसांपुढची कथित कबुली दाखवायची, ती ग्राह्य पुरावा असल्याचा भास निर्माण करायचा आणि कायदा काय म्हणतो ते सांगायचं नाही, हे न्यायदानात ढवळाढवळ करणारं आहे, असं त्यात म्हटलं आहे. निकाल मोठा आहे, पण प्रत्येक वृत्तसंपादकाच्या टेबलावर असावा असा आहे.

तुम्हाला वाटेल, मी आरोपींची वकील म्हणून बोलते आहे. मग उलट बाजू ऐका. पोलीस ज्या आरोपींच्या डोक्यावर बुरखा घालून आणतात, ते त्यांची लाज राखायला नाही, साक्षीदाराने चेहरा आधीच पाहू नये म्हणून. पुढे तुरुंगात कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर ओळख परेड होते. रांगेत उभ्या असलेल्या माणसांतून साक्षीदाराने आरोपीला ओळखायचं असतं. त्याआधीच तुम्ही त्याचा हसरा फोटो समाजमाध्यमावरून उचलून पहिल्या पानावर छापला, तर त्या परेडला काय अर्थ उरला? उलटतपासात बचावाचा वकील एकच प्रश्न विचारतो, ‘तुम्ही पेपरात फोटो पाहिला होता ना?’ साक्षीदार प्रामाणिक असतो, तो ‘हो’ म्हणतो. हा प्रश्न मी स्वतः विचारते, आणि तो विचारणं माझं कामच आहे. त्यानंतर आरोपी सुटला की तुम्हीच विचारता, न्याय मिळाला का.

वर्तमानपत्राने खटला चालवण्याची परंपरा तशी जुनी आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या, आणि रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ने नानावटींची बाजू अशी लावून धरली, की सगळं शहर त्या बाजूला झालं. नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. लोकांना वाटत होतं, बायकोच्या प्रियकराला रागाच्या भरात मारलं, त्यात खून कसला? कायद्यात अशा रागाला जागा आहे. प्रक्षोभ गंभीर आणि अचानक असेल आणि माणसाचा स्वतःवरचा ताबा गेलेला असेल, तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. पण न्यायालयाने वेळ मोजला. नानावटी दीडच्या सुमारास घरून निघाले, बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आधी आहुजांच्या ऑफिसात गेले, मग आहुजांच्या घरी. गोळ्या सुटल्या चार वीसला. जवळजवळ तीन तास. इतक्या वेळात राग शांत व्हायला हवा होता. ‘ब्लिट्झ’च्या वाचकाला प्रेम, अब्रू, देशभक्त अधिकारी हे सगळं मिळालं, हा तीन तासांचा हिशोब मिळाला नाही.

खून, सदोष मनुष्यवध आणि निष्काळजीपणाने मृत्यू, या तिन्हींत माणूस मेलेलाच असतो. फरक मारणाऱ्याच्या मनात काय होतं याचा. मारायचंच होतं, हा हेतू. यात कोणी मरू शकतं हे ठाऊक होतं आणि तरी केलं, ही जाणीव. घ्यायला हवी ती काळजी घेतली नाही, हा निष्काळजीपणा. २००६ मध्ये मुंबईतल्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा गाडीखाली जीव गेला. सत्र न्यायालयाने ते निष्काळजीपणात धरलं आणि सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव असणार असं म्हणून तीन वर्षं दिली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. १९ मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातातही हाच वाद होता: आधी ३०४ अ म्हणजे निष्काळजीपणा, मग ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध. वाहिन्यांनी मात्र जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर आठवडा काढला. निबंधाच्या अटीचा संताप मला कळतो. पण पहिल्या एफआयआरमध्ये कोणतं कलम घातलं आणि कोणतं राहिलं, या एका गोष्टीवर तेव्हा दोन वर्षं की दहा वर्षं हे ठरत होतं, आणि पहिलं कलम तर जामीनपात्र होतं. पोलिसांच्या हातातली खरी सत्ता तिथे असते. वार्ताहराने नजर ठेवायची ती तिथे.

नव्या न्याय संहितेमुळे कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून बदलले, ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८. तरी गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल तर जुनी दंड संहिताच लागते, म्हणून अजून कितीतरी वर्षं दोन्ही आकडे एकाच न्यायालयात ऐकू येतील. आकडा न छापता गुन्ह्याचं नाव छापलंत तर वाचकावर उपकार होतील.

छापील शब्दाने कायदाही बदलू शकतो, म्हणून एका खुल्या पत्राची आठवण इथे देणं भाग आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होऊन पुढे खटला चालला. नागपूर खंडपीठाने, भीतीने मुकाट राहणं म्हणजे संमती नव्हे, असं सांगून त्यांना शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती १९७८ मध्ये रद्द केली; अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असं कारण दिलं. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, शरीरसंबंध शाबीत झाला आणि पीडितेने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालय संमती नव्हती असंच गृहीत धरेल, अशी तरतूद आली.

त्याच दुरुस्तीने पीडितेची ओळख उघड करणं हाही गुन्हा झाला. आज तो न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. देसाईगंजचा तो खटला अजूनही त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो. मी ते इथे लिहीत नाही. तुम्ही नाव छापत नाही, हे खरं. पण तालुका, गाव, वडिलांचा धंदा, मुलीची इयत्ता आणि आरोपी तिचा कोण लागतो, एवढं छापल्यावर गावात कोणाला कळायचं राहतं? कायदा नावाबरोबरच ओळख पटेल अशा कुठल्याही मजकुराबद्दल बोलतो. बालकाच्या बाबतीत, ते पीडित असो की विधिसंघर्षग्रस्त, बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलमही लागतं. इथे मी विनंती करत नाही, इशाराच देते आहे.

‘क्लीन चिट’ हा शब्द तुमच्याकडे कुठून आला ठाऊक नाही. कायद्यात तो नाही. महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस समरी अहवाल पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी वा पुरावा सापडला नाही. बी समरी म्हणजे फिर्यादच खोटी. सी समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची फिर्याद. तिन्हींत जमीनअस्मानाचं अंतर आहे, आणि एखाद्या पुढाऱ्याच्या प्रकरणात नेमकी कोणती पाठवली हीच बातमी असते. शिवाय शेवटचा शब्द पोलिसांचा नसतो. फिर्यादीला हरकत घेता येते, आणि दंडाधिकारी समरी नामंजूर करून पुढे तपासाचा आदेश देऊ शकतात किंवा स्वतः दखल घेऊ शकतात. मागच्या काही वर्षांत ज्यांना तुम्ही क्लीन चिट दिलीत, त्यांच्या समरी न्यायालयाने स्वीकारल्या का, हे एकदा तपासून बघा.

निर्दोष सुटण्याबद्दल थोडक्यात. ‘पुराव्याअभावी’ आणि ‘संशयाचा फायदा देऊन’ हे शब्द छापताना तुमच्या लेखणीला एक कुत्सित वळण येतं. फौजदारी खटल्यात सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. शिवाजी बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७३ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी म्हटलं, की केलं असेल आणि केलंच असलं पाहिजे यांत मोठं अंतर आहे. त्याच निकालात त्यांनी संशयाच्या फायद्याचा अतिरेक होतो म्हणून न्यायालयांचे कानही उपटले आहेत, हे मी आरोपीतर्फे उभी असते तेव्हा सहसा वाचून दाखवत नाही. शरद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या, पुण्यातल्या मृत्यूच्या खटल्यात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं घालून दिली, आणि आजही रोज देशातल्या कुठल्या ना कुठल्या न्यायालयात ती वाचली जातात. पाचही मिळून सांगतात, की साखळी पूर्ण हवी आणि आरोपी निर्दोष असल्याची कुठलीही वाजवी शक्यता उरता कामा नये. निकालपत्रात यातला कोणता दुवा तुटला, पंच फितूर झाले की मुद्देमालाचं सील नीट नव्हतं, ते छापा. त्यातून पुढच्या खटल्यातला तपास सुधारेल.

तालुक्याच्या वार्ताहराला तुम्ही काय देता आणि किती वेळ देता, हे मला ठाऊक आहे. त्याच्याकडून प्रत्येक तारखेला न्यायालयात बसण्याची अपेक्षा नाही. पण देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांतल्या प्रत्येक खटल्याला सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो घातला की खटला कोणत्या टप्प्यावर आहे, पुढची तारीख कोणती आणि आतापर्यंत कोणते आदेश झाले, हे फुकट दिसतं. अटकेची बातमी पहिल्या पानावर छापताना नोंदवहीत एक ओळ लिहून ठेवा, दोषारोपपत्र दाखल झाल्यावर हा क्रमांक त्यापुढे चढवा, आणि पुढच्या प्रत्येक बातमीखाली तो छापा. लैंगिक अत्याचाराची आणि बालकांची प्रकरणं वगळा, बाकी सगळीकडे हे करता येईल. तुमच्या माणसाला जायला जमलं नाही, तरी ज्या वाचकाला निकाल जाणून घ्यायचा आहे तो स्वतः पाहील. चुकीचं छापलं गेलं तर तुम्हाला कळवीलही.

आपली,
जिल्हा न्यायालयातली एक फौजदारी वकील